मोडक्या खेळण्यांच्या सुट्या भागांतून पाणबुड्याचा बाहुला करतोय, तीन ठिकाणी अडलोय

खटाटोप (धागाकर्ता)

मोडक्या खेळण्यांचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे लहानपणापासून आहे. खेळणं मोडलं की ते केरात जायचं आणि मी गुपचूप उचलून डब्यात टाकायचो. पुढे ओळखीच्या लोकांनीही आपल्या मुलांची मोडकी खेळणी आणून दिली. परवा सगळं चादरीवर ओतून मोजलं: २१ सुटे हात, १३ पाय, ६ धडं आणि तब्बल ३४ डोकी. डोकी सहसा मोडत नाहीत, नुसती निखळतात, म्हणून तीच सगळ्यात जास्त साठतात.

या डब्यातून जुन्या पद्धतीचा पाणबुड्या (पाण्याखाली उतरून काम करणारा माणूस) करायचा हे कित्येक वर्षं मनात होतं. तांब्याचं गोल शिरस्त्राण, छातीवर वजनं, जड बूट. गेल्या महिन्यात अखेर बसलो. बरंचसं जमलं, पण तीन ठिकाणी गाडी अडली आहे. सविस्तर लिहितो, म्हणजे नेमकं कुठे चुकलं ते जाणकारांना सांगता येईल.

सुरुवात करताना आधी चेहरा निवडायचा मोह होतो. मी तो टाळला आणि आधी धड-पाय ठरवले, कारण माप तिथे ठरतं. सहा फुटी माणूस १/१२ मापात सहा इंचांचा होतो, १/१८ मध्ये चार इंचांचा आणि १/६ मध्ये बारा इंचांचा. माझ्याकडे सहा इंची भाग जास्त होते, म्हणून १/१२. मापं थोडी मिसळली तर काय बिघडतं हे चादरीवर मांडून पाहिलं. डोकं जरा मोठं झालं की लगेच डोळ्यात खुपतं. हात मात्र मोठे चालून जातात, आणि पाणबुड्याला तर जाड हातमोजेच असतात. त्यामुळे पंजे मी जरा मोठ्या मापाच्या एका कुस्तीगिराचे घेतले.

धड एका सैनिकाचं आहे, मऊ रबरी प्लास्टिकचं. गुडघ्याला दुहेरी सांधा असल्याने पाय पूर्ण दुमडतो. त्याला हात नव्हते. कुस्तीगिराचे हात दंडाला जाड आहेत, फुगलेल्या पोशाखासारखे दिसतात, म्हणून तेच अख्खे बसवायचं ठरवलं.

आणि इथेच पहिला फटका बसला. डाव्या हाताचा पंजा सुटा करायला मी तो थंडच ओढला. मनगटाच्या आत छत्रीसारख्या डोक्याची बारीक खुंटी असते, ती टक्कन तुटली. दांडा पंजात, छत्री मनगटात. उजव्या बाजूला शहाणपण आलं: वाटीत कढत पाणी घेतलं, मनगट त्यात दीड मिनिट बुडवून ठेवलं, फडक्यात धरून हळूहळू फिरवत ओढलं, तर लोण्यातून सुरी काढावी तसं सुटून आलं. तुटलेल्या बाजूला दोन्ही तोंडं सपाट घासली, मधोमध टाचणीने खूण केली, हातात फिरवायच्या बारीक ड्रिलने १ मिमीचं भोक दोन्हीकडे पाडलं आणि पितळी तार घालून चिकटवलं. तार आत ४ मिमी इकडे, ४ मिमी तिकडे. आता मनगट फिरत नाही, पण मजबूत आहे.

शिरस्त्राणासाठी लहान खेळणी ज्या गोल डब्यांतून मिळतात तसला एक घेतला, २८ मिमी व्यासाचा. खऱ्या पोशाखात खांद्यांवर धातूचा पत्रा असतो, तो मी एका मोठ्या गोल प्लास्टिकच्या डबीच्या अर्ध्या भागातून कापला, मधे मानेसाठी भोक पाडलं. तो खांद्यांवर असा चपखल बसला की मी उठून घरभर दाखवून आलो.

आता अडलेल्या गोष्टी.

एक: त्या पत्र्यावर इपॉक्सी पुट्टीने (दोन भाग कालवले की कडक होणारी लुकणासारखी माती) कडा आणि बोल्ट घडवले. दुसऱ्या दिवशी नखाने सहज दाबलं तर अख्खी कडा शेंगेच्या टरफलासारखी सुटून हातात आली. घासून पुन्हा लावली, पुन्हा तेच. सुपरग्लूही धरत नाही.

दोन: धडावर स्प्रेने प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला. नऊ दिवस झाले, अजून चिकट आहे. बोट लावलं की ठसा उमटतो.

तीन: हाताच्या वरच्या टोकाला असलेला खांद्याचा गोळा धडातल्या खोबणीपेक्षा जवळपास १ मिमी लहान आहे. हात वर केला की खाली पडतो.

---

नवशिका

वाचतोय. असं काही स्वतः करता येतं हेच माहीत नव्हतं. फोटो टाका ना.

---

बिजागरी

खटाटोप, धड-पाय आधी ठरवलेत हे फार बरं केलंत. मी बारा-तेरा वर्षं हे करतोय आणि माझे फसलेले सगळे बाहुले चेहऱ्यापासून सुरू झालेले होते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्या भांड्यात आहे. त्या डबीचा उरलेला तुकडा पाण्यात टाका, बोटाने बुडवून हवेचे बुडबुडे झटका आणि सोडा. तरंगला तर तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीन या प्लास्टिकचा आहे. पाण्याची घनता १ धरली तर या दोघांची कमी, साधारण ०.९ ते ०.९७. खेळण्यांतली बाकीची प्लास्टिकं बघा: एबीएस १.०५ च्या आसपास, पीव्हीसी १.२ च्या वर, आणि सांध्यांत वापरतात ते ॲसिटल म्हणजे पीओएम १.४ च्या आसपास. ही सगळी बुडतात. खेळणी पोकळ असतील तर ही परीक्षा फसवते, म्हणून नेहमी भरीव तुकडा कापून टाकायचा.

पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन आणि पीओएम या तिघांना साधा सुपरग्लूही धरत नाही, पुट्टीही नाही, रंगही नाही. त्यांचा पृष्ठभाग इतर कशाला आपल्या अंगाला लागूच देत नाही. कितीही घासा, थोडा फरक पडेल, भरवसा नाही. अशा प्लास्टिकला चिकटवायच्या भानगडीत न पडता अडकवायचं.

तुमच्या पत्र्यापुरतं सांगतो. कडेला सारख्या अंतरावर आरपार भोकं पाडा, दीड मिमीची. पुट्टी वरून दाबा म्हणजे ती भोकातून खाली उतरेल, आणि खालच्या बाजूने बोटाने जरा पसरवा. वाळली की वर एक डोकं, खाली एक डोकं, मधे दांडा. झाला रिबिट. वरची डोकी तुम्हाला बोल्ट म्हणून हवीच आहेत.

खांद्याचं जरा निराळं आहे. सांधा किंचित ढिला असेल तर गोळ्यावर सुपरग्लूचा पातळ थर देतात, हवेत पूर्ण वाळू देतात (निदान रात्रभर, ओला असताना खोबणीत घातला तर कायमचा बसला म्हणून समजा) आणि मग बसवतात. त्याने एक-दोन दशांश मिमी भरून निघतात. एक मिमी म्हणजे दरीच झाली. तिथे खोबणच नव्याने घडवायची. गोळ्याला पेट्रोलियम जेली चोळा, अगदी गोळ्याच्या मानेपर्यंत. खोबणीत पुट्टीचा लहान गोळा घाला, हाताचा गोळा त्यात दाबा, बाहेर आलेली पुट्टी टोकदार काडीने कापून काढा. अर्ध्या तासाने हात अगदी थोडा फिरवा. पुढे दर पंधरा-वीस मिनिटांनी फिरवत राहा, पुट्टी घट्ट होईपर्यंत. मग २४ तास हात लावू नका. खोबण त्या गोळ्याच्या मापाचीच तयार होते.

एकच ध्यानात ठेवा: हा हात पुन्हा निघणार नाही. खांद्याच्या आतलं घासणं, रंगवणं आधी उरका.

---

पाणकावळा

बाहुल्यांतलं मला काही कळत नाही, पण जुन्या पाणबुड्या पोशाखांचं वेड आहे म्हणून लिहितो.

बोल्ट कुठे असतात ते आधी पाहा, नाहीतर सगळी मेहनत करून ते चुकीच्या जागी बसतील. ऑगस्टस सीबी यांनी १८३० च्या दशकात बंद पोशाख पुढे आणला आणि त्याचीच रचना पुढे शतकभर चालली. त्यात दोन वेगळे धातूचे भाग असतात: वर शिरस्त्राण, खाली खांद्यांवरचा पत्रा. १२ बोल्टवाल्या प्रकारात ते बोल्ट खांद्यांवरच्या पत्र्याच्या कडेला असतात. पोशाखाची रबरी कॉलर त्या बोल्टांवर चढवायची, वरून पितळी पट्ट्या ठेवायच्या आणि नट आवळायचे, की पाणी आत जात नाही. शिरस्त्राण मात्र मानेच्या कड्यात बसवून फक्त अष्टमांश फेरा फिरवलं की अडकतं.

म्हणजे बिजागरी यांनी सांगितलेले रिबिट बरोबर पत्र्याच्या कडेलाच येतील, आणि बारा पाडा. सोबत चार पितळी पट्ट्याही करा, दोन पुढे, दोन मागे. बारीक गोष्ट आहे, पण हा पोशाख ओळखणारा आधी तिकडेच बघतो.

दुसरं, तो उभा कसा राहील याचा विचार करा. अमेरिकी नौदलाचा मार्क ५ पोशाख सगळा मिळून ८६ किलोच्या घरात जायचा. एवढं ओझं अंगावर असलेला माणूस ताठ, छाती काढून उभा राहत नाही. जमिनीवर असताना तो पुढे झुकतो, गुडघे थोडे वाकतात, पाय फाकलेले. पाण्यात मात्र हात हलके होतात, वर तरंगतात. तुमचा पाणबुड्या जमिनीवर आहे की तळाशी, ते आधी ठरवा.

---

रंगाचा डबा

दुसरा प्रश्न माझ्याकडे.

खटाटोप, वाट बघू नका, तो प्रायमर वाळणार नाही. तुमचं रबरी धड मऊ पीव्हीसीचं दिसतंय. त्या प्लास्टिकला मऊ ठेवण्यासाठी त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. स्प्रेमधलं सॉल्व्हंट आणि ते द्रव्य एकमेकांत मिसळतात आणि रंग कायम ओशट राहतो. मी एकदा एका पंखवाल्या राक्षसावर असाच स्प्रे मारून चार महिने थांबले होते. शेवटी धूळ चिकटून तो मखमली दिसायला लागला आणि मला सगळा खरवडावा लागला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दात घासायचा ब्रश घ्या. आधी पाठीमागे, न दिसणाऱ्या जागी करून पाहा, मूळ रंगही सुटतोय का ते कळेल. ॲसिटोन मात्र अजिबात नको, एबीएसचे भाग त्यात विरघळतात. सगळं निघालं की कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. नवं खेळणं असलं तरी हे धुणं मी कधीच चुकवत नाही, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल अंगावर राहिलेलं असतं.

मग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, ब्रशने. पहिला हात इतका पातळ की खालचं प्लास्टिक दिसत राहील. तो बघून धीर सुटतो आणि लोक दुसरा हात जाड मारतात, तिथेच चेहऱ्याचे, शिवणींचे बारकावे बुजतात. चार पातळ हात द्या, प्रत्येक पूर्ण वाळू द्या.

तांब्याबद्दल सांगते, कारण मला तो भाग फार आवडतो. थेट तांब्याचा रंग मारलात तर खेळण्यातलं भांडं दिसेल. खाली काळपट तपकिरी द्या. त्यावर तांबं, पण खाचांत जाऊ न देता. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून, कागदावर पुसून पुसून, फिकट तांबं फक्त उंचवट्यांवर, जिथे हात लागून घासलं गेलं असतं तिथे. शेवटी निळसर हिरवा, पाण्यासारखा पातळ, बोल्टांच्या बुडाशी आणि खिडकीच्या चौकटीत एकेक थेंब. थेंब सोडून लगेच ओल्या ब्रशने त्याची वरची कड पुसायची, म्हणजे गंज खाली ओघळल्यासारखा दिसतो. वीस मिनिटांचं काम आहे आणि सगळा जीव तिथे येतो.

सांध्यांत रंग घासून निघतो, त्यासाठी रंगवण्याआधीच सांध्याच्या दोन्ही बाजू ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. रंगालाही जाडी असते, तिला जागा ठेवावी लागते. गुडघ्याच्या आतला तुकडा पीओएमचा असेल तर त्याला रंगवूच नका. पोशाखाचा रंग त्या तुकड्याच्या रंगाशी जुळवा.

---

तिसरी घंटा

मला एक कळत नाही. आता घरोघरी त्रिमिती छपाई आलीय. पत्रा, शिरस्त्राण, हात, सगळं संगणकावर घडवून छापता येईल, मापं तंतोतंत. मग हा आटापिटा का?

---

बिजागरी

छापा की, मीही छापतो. पण छपाईत वापरतात त्या साध्या रेझिनच्या (द्रवातून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या) बारीक खुंट्या ठिसूळ असतात, तिसऱ्यांदा वाकवलं की तुटतात. कारखान्यातल्या खेळण्याचा गुडघा हजारदा वाकवायला केलेला असतो. सांधे खेळण्यातून घ्यावेत आणि वरचं कवच हवं तर छापावं, असं माझं मत.

---

खटाटोप (धागाकर्ता)

तिसरी घंटा, तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं सांगतो. संगणकावर काहीही घडवता येतं, म्हणून मला काय घडवायचं ते सुचत नाही. डब्यात हात घातला की वस्तूच काहीतरी सुचवते. कुस्तीगिराचा दंड हातात आला नसता तर फुगलेल्या बाहीचा विचार मी केलाच नसता.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. डबीचा तुकडा पाण्यात टाकला. तरंगला.

---

जुना ठेवा

या छंदाला खेळण्यांच्या कारखान्यांतही मोठी परंपरा आहे, ती सांगायला हवी.

१९८० च्या सुमारास मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीत रॉजर स्वीट यांनी ही-मॅन या पिळदार योद्ध्याच्या बाहुल्याचे पहिले नमुने केले तेव्हा त्यांनी कंपनीचाच बिग जिम नावाचा बाहुला घेतला, तो लढाईच्या पवित्र्यात पक्का केला, त्यावर माती चढवून दंड, छाती, मांड्या फुगवल्या आणि त्याचे प्लास्टरमध्ये साचे काढले. म्हणजे आपण घरी जे करतो तेच. १९८२ मध्ये ती खेळणी बाजारात आली तेव्हा खर्च वाचवायला तेच साचे पुन्हा पुन्हा वापरले गेले. त्याच मालिकेतल्या बीस्ट मॅनचं केसाळ धड स्ट्रॅटोस या दुसऱ्या पात्रालाही दिलेलं आहे, नीट पाहिलं तर ओळखू येतं.

त्याच वर्षी हॅस्ब्रो या दुसऱ्या खेळणी कंपनीने पावणेचार इंची जी. आय. जो हे सैनिक बाहुले आणले. त्यांच्या पाठीत एक स्क्रू असतो. तो काढला की छाती-पाठ वेगळी होते आणि आत एक काळी रबरी कडी दिसते, तिच्यावर कंबर आणि पाय ताणून धरलेले असतात. एका स्क्रूत सगळा माणूस सुटा होतो. एकाचे हात दुसऱ्याला, दुसऱ्याचे पाय तिसऱ्याला. रबर कालांतराने कडक होऊन तुटतं, पण त्या मापाची दुसरी कडी घातली की पुन्हा उभा. शिकायला यापेक्षा चांगलं खेळणं मी पाहिलेलं नाही.

---

नवशिका

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. हा धागा त्याला वाचून दाखवला आणि तो आता त्याचे सगळे बाहुले घेऊन बसलाय. त्याला काय करू देऊ? हात काढता-घालता यावेत म्हणून लोहचुंबक बसवतात असं कुठेतरी पाहिलं, ते सोपं वाटतंय.

---

बिजागरी

चुंबक नको. ठाम नको. ते इवले चकचकीत निओडिमियमचे चुंबक मुलांनी गिळले तर आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटून तिला भोक पडतं. घरात लहान भावंड असेल तर तो धोका घरात आणूच नका.

त्याला भाग निवडू द्या, मांडू द्या, घासू द्या (पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, म्हणजे धूळ उडत नाही), ॲक्रिलिक रंगवू द्या. कढत पाणी, पातं, ड्रिल आणि सुपरग्लू तुमच्याकडे. पुट्टी कालवताना तुम्हीही हातमोजे घाला. इपॉक्सी कातडीला वारंवार लागलं की ॲलर्जी जडते आणि एकदा जडली की सहसा सुटत नाही.

---

घडीची चटई

वेगळं मत मांडते, राग मानू नका. नवशिका, तुमचा मुलगा 'सगळे' बाहुले घेऊन बसलाय असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून थांबले. त्यातले अखंड किती?

माझ्या भावाने माझा एक धडधाकट घोडेस्वार त्याच्या प्रकल्पासाठी कापला होता. मी दहा वर्षांची होते. त्याने केलेला सेनापती खरंच सुरेख झाला होता, आजही मान्य करते. पण तो घोडेस्वार मला आजही आठवतो. तुम्ही मोडक्यातून घडवताय तोवर मी टाळ्या वाजवेन. धडधाकट खेळणं मात्र कापू नये, आणि दुसऱ्याचं तर विचारल्याशिवाय उघडूही नये.

---

जुना ठेवा

घडीची चटई, पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर: दुर्मीळ, जुनं खेळणं मोडकं असलं तरी कापण्याआधी चौकशी करा. कुणीतरी नेमका तोच पाय शोधत असतो.

---

नवशिका

घडीची चटई, बरं झालं लिहिलंत. जाऊन पाहिलं तर त्याने स्वतःच दोन ढीग केले होते. एकावर चिठ्ठी ठेवलीय, 'हे नाही'.

---

खटाटोप (धागाकर्ता)

पंधरा दिवसांनी परत आलोय, हिशोब देतो.

पत्र्याला बारा भोकं पाडली. कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळून, ती तीनदा दुमडून-मोजून बारा खुणा केल्या, तरी एक भोक अर्धा मिमी सरकलंच. पुट्टी वरून दाबली, खालून पसरवली. आता नखाने नाही, सुरीच्या टोकानेही कडा हलत नाही. बोल्टांची डोकी गोल होती, ती पुट्टी अर्धी घट्ट झाल्यावर पात्याने सहा बाजूंनी दाबली, म्हणजे नट दिसू लागले. पाणकावळा, पट्ट्याही केल्या, चार. रिकाम्या डब्याच्या पातळ पत्र्यातून कापल्या.

प्रायमर काढायला दोन संध्याकाळी गेल्या. काखेतला अजून निघालेला नाही, पण तिथे खांद्याची सावली पडते.

खांदा बिजागरींनी सांगितला तसाच केला. पहिल्या वेळी जेली मानेपर्यंत चोळली नाही आणि हात जाम झाला. कढत पाण्यात धरून सोडवला, पुट्टी खरवडली, पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला चोवीस तासांनी हात फिरवला तेव्हा आधी बारीक कट्ट आवाज आला, मग तो हळूच, जरा अडत फिरला आणि सोडला तिथे थांबला. त्या थांबण्याचा आनंद मला शब्दांत सांगता येत नाही. मी तो हात वीस-पंचवीस वेळा वर नेला असेल.

मग तो उभाच राहिना. शिरस्त्राण आणि पत्रा चढवल्यावर वरचा भार वाढला आणि तो तोंडावर पडायला लागला. खऱ्या पाणबुड्याच्या बुटांत वजन का असतं ते तेव्हा कळलं. टाचा पोखरल्या, आत लोखंडी छर्रे भरले, पुट्टीने बंद केल्या आणि बुटांना तळवे जाड केले. टाचेत वजन, पुढे किंचित झुकलेलं अंग, गुडघे थोडे वाकलेले. आता टेबलाला धक्का लागला तरी उभा आहे. तो जमिनीवरचा आहे, पाणकावळा. नुकताच बाहेर आलाय, अजून शिरस्त्राण काढलेलं नाही.

रंगाचा डबा, गंजाचा थेंब मी एकाच बोल्टवर टाकून थांबलो होतो, बिघडेल या भीतीने. मग बाराही केले.

---

रंगाचा डबा

शाब्बास! आता मॅट (चमक नसलेलं) वार्निश द्या, पण पावसाळी, दमट हवेत स्प्रे मारू नका, वर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर धरतो. शिरस्त्राणाची काच मात्र वार्निशपासून झाकून ठेवा, ती चकाकायलाच हवी.

---

पाणकावळा

पुढे झुकलेला केलात, फार बरं वाटलं वाचून. हवेची नळी शिरस्त्राणाच्या मागच्या बाजूला जोडा. आणि कमरेला दोर.

---

खटाटोप (धागाकर्ता)

नळी झाली. पेनातली स्प्रिंग ताणून त्यावर विजेच्या वायरचं काळं वेष्टण चढवलं, वाकवली की वाकते. दोरही झाला.

एकच राहिलंय. उजव्या हातात कंदील द्यायचाय. कंदिलाची कडी ५ मिमी जाड आहे आणि कुस्तीगिराची मूठ घट्ट मिटलेली आहे, गरम करून उघडायला गेलो तर अंगठ्याला भेग पडायला लागली. माझ्या २१ हातांत दुसरी अशी मूठ नाही. कुणाकडे जरा मोठ्या मापाचा, वस्तू धरणारा उजवा पंजा पडून आहे का? मोडका चालेल.

---

नवशिका

मुलगा म्हणतोय त्याच्या मोडक्या ढिगात आहे. एका अग्निशमन जवानाचा, पाण्याची नळी धरलेला. बोटं जरा जास्तच उघडी आहेत, चालतील?

---

खटाटोप (धागाकर्ता)

चालतील. कढत पाण्यात धरून मिटवतो आणि थंड पाण्याखाली तशीच धरतो, राहतील. त्याला सांगा, कंदील धरल्याचा पहिला फोटो त्यालाच पाठवतो.